मेलबर्नच्या वाटेवर सिंगापूरला साडेअकरा तास: बाहेर पडावे की विमानतळावरच बसावे?

नौपाडेकर

सर्वांस नमस्कार. नोव्हेंबरच्या मध्यावर मी आणि सौ. मेलबर्नला लेकीकडे निघालो आहोत. डिसेंबरात तिचे बाळंतपण आहे. मुंबईहून विमान रात्री निघते, सकाळी आठच्या सुमारास सिंगापूरला उतरते आणि पुढचे विमान संध्याकाळी साडेसातला आहे. तिकीट एकच असल्यामुळे मोठ्या बॅगा थेट मेलबर्नला जातील, असे तिकीट काढून देणाऱ्याने सांगितले आहे.

प्रश्न मधल्या साडेअकरा तासांचा आहे. जावई म्हणतात, "बाबा, वाटेत आणखी एक देश पाहून होतो, सोडू नका." लेक म्हणते, खुर्चीवरून उठूसुद्धा नका. सौ. अद्याप काहीच बोललेली नाही, म्हणजे तिचे ठरलेले असावे. माझे वय ६८, तिचे ६४. तिचा उजवा गुडघा कुरकुरतो आणि रात्री दहाला इन्सुलिन असते. आम्हा दोघांचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे कल्याणहून गीतांजलीने हावडा, तोही खालचे बर्थ मिळवून. ज्यांनी ही वाट तुडवली आहे त्यांनी स्वतःचा अनुभव लिहावा, ही विनंती. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको, ती जावयांनी पाठवली आहे.

सीवूड्सची वाटसरू

नौपाडेकर काका, माझा मुलगा ऑकलंडला असतो आणि आजवर पाच वेळा मी सिंगापूरवरून गेले आले आहे. तरीही सिंगापूर पाहिले आहे, असे मी कोणाला सांगत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही तुमच्या जावयांसारख्याच उत्साही माणसाचे ऐकले. सकाळी उतरलो आणि यजमानांनी कागदावर सहा ठिकाणे लिहून आणली होती. त्यातली साडेतीन झाली. बाराच्या सुमारास पदपथावरच मला घेरी आल्यासारखे झाले, तेव्हा लक्षात आले की घड्याळात बारा वाजले असले तरी शरीराच्या लेखी सकाळचे साडेनऊ होते, आदल्या रात्री जेमतेम तीन तास झोप झाली होती आणि चहाखेरीज पोटात काही गेले नव्हते. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. हा फरक लहान वाटतो म्हणूनच फसवतो. तुम्ही आठला उतराल तेव्हा ठाण्यात पहाटेचे साडेपाच वाजलेले असतील. घरी असतात तर त्या वेळी कूस बदलून झोपला असतात.

हवेविषयीही लिहिते. हे शहर विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर आहे, त्यामुळे तिथे आपल्यासारखे ऋतू नाहीत. बारा महिने दिवसा तीस-बत्तीस अंश, रात्री चोवीस-पंचवीस, आणि दमटपणा आपल्या मे अखेरीसारखा. आपल्याकडे जून लागला की सुटका होते, तिथे ती होत नाही. याच्या नेमके उलट विमानतळाच्या आत. तिथे वातानुकूलन इतके कडक असते की मी दर वेळी खांद्यावर शाल घेऊन बसते. आत शाल आणि बाहेर घाम, या अदलाबदलीचाच थकवा जास्त येतो.

म्हणून माझे मत असे की थांबा किती तासांचा आहे हे पाहून बेत आखू नये. दोघांपैकी ज्याचे पाय आधी दुखतात त्याच्याकडे पाहून आखावा. तुमच्या बाबतीत ते पाय ताईंचे आहेत. त्यांना विचारा.

एक अगदी बारीक गोष्ट, जी मला तिसऱ्या खेपेला उमगली. चांगीच्या, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळाच्या, पहिल्या तीन टर्मिनलांमध्ये सुरक्षा तपासणी आपल्यासारखी सुरुवातीलाच होत नाही, ती प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. म्हणजे आत आल्यावर नळावर मोठ्या कौतुकाने भरून घेतलेली पाण्याची बाटली विमानात शिरण्याच्या अर्धा तास आधी ओतून द्यावी लागते. माझ्या हातून दोन वेळा लिंबू सरबत गेले. बाटली रिकामी करूनच गेटवर जा, तपासणीपलीकडे पिण्याच्या पाण्याचा नळ असतो.

खाडीपलीकडचा

वाटसरूताईंबद्दल आदर राखून विरुद्ध मत मांडतो. मी ऐरोलीत राहतो आणि कामानिमित्त ब्रिस्बेनला जाता-येता बऱ्याचदा तिथे थांबलो आहे. साडेअकरा तास गालिच्यावर येरझारा घालणे हीसुद्धा शिक्षाच आहे. ज्या कृत्रिम धबधब्याचे फोटो सगळे टाकतात, तो चाळीस मीटर उंचीचा धबधबा ज्या ज्वेल नावाच्या इमारतीत आहे, ती २०१९ साली उघडली आणि ती इमिग्रेशनच्या बाहेर आहे. तो जवळून पाहायचा तर पासपोर्टवरचे सोपस्कार करावेच लागतात. मग तेवढे केल्यावर आणखी पाऊण-एक तास मेट्रोने गेले तर काय बिघडले?

मार्ग सोपा आहे. विमानतळाच्या स्थानकावरून एकच स्टेशन, एक्स्पो. तिथे डाउनटाउन लाइनची गाडी धरली की पुन्हा गाडी न बदलता थेट लिटल इंडिया, आणि त्याच गाडीने थोडे पुढे गेले की बोटॅनिक गार्डन्स. तिकिटाच्या रांगेत उभे राहावे लागत नाही, परदेशात चालणारे बँकेचे कार्ड फाटकावर टेकवले की पुरते. प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे आणि ती काकूंनी अवश्य वापरावी, कारण तिथले सरकते जिने आपल्या मॉलमधल्या जिन्यांपेक्षा बरेच वेगाने धावतात. गाडीत खाणे-पिणे दंडनीय आहे, त्यामुळे पिशवीतल्या चकल्या पिशवीतच राहू द्याव्यात.

शाकाहारी असाल तर सेरंगून रोडवर १९४७ पासून चालत आलेले कोमला विलास आहे. इडली, डोसा, फिल्टर कॉफी. पाट्यांवर तमिळ पाहून आपण चुकून माटुंग्याला उतरलो की काय असे वाटते. तमिळ ही तिथल्या चार राजभाषांपैकी एक आहे, बाकीच्या मलय, चिनी आणि इंग्रजी.

फक्त वेळेचे गणित उलटे करा. बहुतेक लोक आधी झोपतात आणि दुपारी बाहेर पडतात. नोव्हेंबरात तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, जवळजवळ ठरल्या वेळेला आल्यासारखा. नऊला बाहेर पडा, दीडच्या आत परत या आणि मग झोपा. ट्रान्झिट भागात काही तासांच्या हिशेबाने खोली देणारी हॉटेले आहेत, पण ती आधी आरक्षित करावी लागते.

वाघबीळ नाका

काका, व्हीलचेअर मागणार असाल तर एक लक्षात घ्या. आमच्या आईसाठी आम्ही ती नोंदवली होती. मुंबईत तिचा फार उपयोग झाला, इमिग्रेशनची रांग वाचली. पुढे मधल्या थांब्यावर मात्र कर्मचाऱ्याने आईला मदत हवी असलेल्या प्रवाशांच्या बैठकीत नेऊन बसवले आणि "योग्य वेळी नेऊ" असे सांगून तो गेला. तो वेळेवर आला, तक्रार नाही, पण चार तास आई त्या एकाच खुर्चीत होती. स्वच्छतागृहात जाऊन आलो आणि तेवढ्यात माणूस येऊन गेला तर, या भीतीने तिने पाणीसुद्धा प्यायले नाही. (हे दुसऱ्या शहरात घडले, सिंगापुरात नव्हे.) काकूंना चालता येत असेल तर मधल्या थांब्यापुरती चाके नकोत असे माझे मत आहे. लांब मार्गांवर सरकते पट्टे असतात आणि पहिल्या तीन टर्मिनलांना जोडणारी छोटी गाडीही आहे.

नौपाडेकर

सर्वांचे आभार. सौ.ला धागा वाचून दाखवला. "पाय माझे आहेत तर मला का कोणी विचारत नाही?" असे ती म्हणाली, तेव्हा वाटसरूताईंचा मुद्दा पोचला. तिला बाग पाहायची आहे. धबधबा नको, दुकाने नकोत.

आता व्हिसाचे कसे? आमच्याजवळ ऑस्ट्रेलियाचा व्हिसा आहे, सिंगापूरचा नाही.

कोपरखैरणे सेक्टर अकरा

भारतीय पासपोर्टवर सिंगापुरात शिरायला एरवी व्हिसा लागतो. परंतु ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांपैकी एखाद्या देशाचा वैध व्हिसा जवळ असेल, आणि तुम्ही त्या देशाकडे निघाला असाल किंवा तिथून परतत असाल, तर ९६ तासांपर्यंत व्हिसाविना प्रवेश मिळण्याची सोय आहे. व्हिसाची मुदत किमान महिनाभर शिल्लक असावी लागते आणि पुढचे निश्चित तिकीट हातात असावे लागते. शेवटचा निर्णय खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, त्यामुळे त्याच्या पत्राची छापील प्रत जवळ ठेवा. निघण्याच्या आठवड्यात हे नियम सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर पुन्हा वाचून घ्या, कारण असल्या सवलती बदलत असतात.

याशिवाय उतरण्याआधीच्या तीन दिवसांत आगमनाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. तो पूर्णपणे मोफत आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या सासऱ्यांनी हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या कुठल्याशा संकेतस्थळावर दोघांचे मिळून साडेचार हजार रुपये भरले आणि वर पावती फ्रेम करण्याजोगी आली.

स्वतः फिरण्याचा धीर होत नसेल तर विमानतळातर्फे थांब्यावरच्या प्रवाशांना मोफत शहरफेरी असते. साडेपाच तासांपेक्षा जास्त आणि चोवीस तासांपेक्षा कमी थांबा लागतो, फेरी अडीच तासांच्या आसपास असते. मात्र बस गटाच्या तालावर चालते, गुडघ्याच्या नव्हे.

माहेर पनवेल

विषय थोडा वेगळा आहे पण बाळंतपणाचा उल्लेख वाचला म्हणून लिहिते. काकू डिंकाचे लाडू नेणार असतील तर थांबा! त्यात खसखस असते. आपल्या घरात ती वाण्याकडून आलेली साधी गोष्ट, पण सिंगापुरात खसखशीवर अमली पदार्थांच्या कायद्याखाली निर्बंध आहेत. तुम्ही बाहेर पडणार म्हणजे हातातली पिशवी त्यांच्या सीमाशुल्कातून जाणार. तंबाखू-गुटखा आणि च्युइंग गम यांचेही तेच, गमची तर १९९२ पासून बंदी आहे.

ऑस्ट्रेलियाची तऱ्हा आणखी निराळी. खाण्याचा प्रत्येक पदार्थ अर्जात जाहीर करावा लागतो आणि आपल्याकडच्या दुधाच्या मिठाया ते आत सोडत नाहीत. लपवले तर दंड जबर असतो. जाहीर केले तर फार तर पदार्थ जातो. डिंक, खारीक, खोबरे, हळीव मेलबर्नच्या भारतीय दुकानांत मिळते. लाडू तिकडेच वळावेत, लेकीला ताजे मिळतील.

सीवूड्सची वाटसरू

इन्सुलिनबद्दल राहिले होते. ते मोठ्या बॅगेत ठेवू नका, तिथे गोठण्याची भीती असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवा. आणि ठाण्यात रात्रीचे दहा म्हणजे सिंगापूरचे साडेबारा, त्या वेळी तुम्ही मेलबर्नच्या वाटेवर दोन तृतीयांश अंतर कापलेले असेल. नोव्हेंबरात मेलबर्न आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. मात्रा कोणत्या घड्याळाने घ्यायची, आणि पुढचे दोन दिवस ती कशी सरकवायची, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. विमानात दिवे मालवलेले असताना हा हिशेब डोक्यात होत नाही, हे अनुभवाने सांगते. यजमानांनाही मधुमेह आहे.

चेंदणीचा जुनाट

काकूंना बाग पाहायची आहे हे वाचून एक आठवले. ३१ मे १८९३ रोजी स्वामी विवेकानंद मुंबईहून बोटीने अमेरिकेला निघाले. कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग करीत ते जपानला पोचले आणि १० जुलैला योकोहामाहून त्यांनी मद्रासच्या मित्रांना पत्र लिहिले. त्यात सिंगापूरबद्दल ज्या मोजक्या ओळी आहेत, त्यांत तिथल्या वनस्पती उद्यानातल्या ताडवर्गीय झाडांच्या संग्रहाचे कौतुक आहे, पंख्यासारख्या ट्रॅव्हलर्स पामचा उल्लेख आहे आणि मँगोस्टीन या फळाचाही. धर्मपरिषदेला निघालेल्या माणसाने वाटेतल्या थांब्यात एक बाग पाहिली आणि झाडे लक्षात ठेवली, ही गोष्ट मला फार आवडते.

त्या काळी या उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली होते. रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याची रीत त्यांनी तिथेच बसवली आणि पुढे मलायाचे मळे त्यावर उभे राहिले. उद्यान १८५९ सालचे आहे, २०१५ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. प्रवेश विनामूल्य आहे, केवळ आतल्या ऑर्किडच्या बागेला तिकीट पडते.

आपल्याकडून त्या बंदरात त्याआधी जे गेले ते मात्र सहलीला गेले नव्हते. मुंबई इलाख्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना अंदमानआधीच्या काळात सिंगापूर, मलाक्का, पिनांगला धाडत असत आणि तिथले रस्ते व इमारती बांधण्यात हिंदुस्थानी कैद्यांचे हात राबले आहेत. आपल्या ठाण्याच्या किल्ल्यातल्या तुरुंगावरून जाताना मला कधी कधी हे आठवते.

खाडीपलीकडचा

चेंदणीकर, माहिती उत्तम, पण काका साडेअकरा तासांसाठी जात आहेत, काळ्या पाण्यावर नव्हे. :)

काका, मेट्रोच्या बाजूने गेलात तर ऑर्किडची बाग उद्यानाच्या दुसऱ्या अंगाला पडते, चालणे बरेच आहे. हट्ट धरू नका.

नौपाडेकर

मेलबर्नहून लिहीत आहे. नात झाली. दोघीही ठीक आहेत. रात्री जागरणाची पाळी माझी असते, त्यामुळे आता सवडीने झालेला वृत्तान्त देतो.

नौपाड्याहून सहारला पोचायला दोन तास लागले आणि त्यातला पाऊण तास पूर्व द्रुतगती मार्गावर एकाच जागी गेला. सिंगापूरच्या खिडकीवर अधिकाऱ्याने ऑस्ट्रेलियाचा कागद पाहिला, सौ.कडे पाहिले, "होल्डिंग बेबी?" असे विचारून हाताने झुलवल्याची खूण केली आणि शिक्का-बिक्का न मारता सोडून दिले. शिक्का नाही म्हणून मी पाच मिनिटे तिथेच उभा होतो. नोंद ईमेलवर येते, असे मागच्या मुलीने समजावले.

सव्वानऊला मेट्रोत बसलो. गाडी भुयारातून जात असल्याने शहर असे काही दिसत नाही, त्यामुळे सौ. समोरच्या माणसांकडेच पाहत होती. एक्स्पोला गाडी बदलताना एका शाळकरी मुलाने उठून तिला जागा दिली. सेरंगून रोडवर इडली खाल्ली, सांबार गोडसर नव्हते हे नमूद करतो, आणि पुन्हा गाडीत बसून बागेच्या स्थानकावर उतरलो.

आमचे पाहणे असे झाले की फाटकातून आत शिरल्यावर अवघ्या पाच-सात मिनिटांच्या चालीवर तळे लागले. तिथे सावलीत बाक होता. सौ. बसली ती तासभर उठली नाही. चप्पल काढून पाय बाकावर घेतले. पाण्यात काळे हंस होते. मी दोनदा उठून जवळपास फिरून आलो आणि दुसऱ्या फेरीत एका वळणावर चेंदणीकरांनी लिहिलेले झाड दिसले, मोरपिसाऱ्यासारखी एकाच प्रतलात पसरलेली पाने, देठांच्या बेचक्यांत साचलेले पाणी. मोठ्या उत्साहाने तिला घेऊन गेलो. तिने वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "अहो, हे तर आपल्या सोसायटीच्या गेटवर आहे. माळी दर पावसाळ्यात छाटतो ते." खरेच आहे. बावीस वर्षे मी त्याच्याखाली स्कूटर लावतो.

ऑर्किड पाहिले नाहीत. धबधबा पाहिला नाही. जावयांना हे सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प होते.

दीडच्या आत परतलो ते खाडीपलीकडच्यांच्या सांगण्यावरून आणि त्याबद्दल त्यांचे शतशः आभार, कारण आम्ही आत येऊन खोलीवर पोचतो न पोचतो तोच बाहेर अंधारून आले. पावणेतीनला विजा सुरू झाल्या. सौ. गाढ झोपली होती, मी कॉफी घ्यायला बाहेर आलो होतो आणि काचेतून पाहत होतो. धावपट्टीलगत विमानांभोवती घुटमळणारी सगळी माणसे आणि गाड्या दोन मिनिटांत नाहीशा झाल्या. शेजारच्या गृहस्थांनी सांगितले की विजांचा इशारा वाजला की उघड्यावरचे काम थांबवतात, सामान चढवणेही. पावसाची दुसरी सर संध्याकाळी आली, त्यामुळे आमचे विमान पन्नास मिनिटे उशिरा सुटले. बागेत त्या तळ्याकाठी सापडलो असतो तर गुडघ्यासह पळणे शक्य नव्हते.

इन्सुलिन डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे विमानात घेतले. लाडू नेले नव्हते. इथे डिंक मिळाला, खसखसही मिळाली, पण सौ.च्या मते डिंक हवा तसा फुलत नाही.

सीवूड्सची वाटसरू

नातीबद्दल अभिनंदन, काका! ताईंचे पाय सुजले का, ते लिहिले नाहीत.

नौपाडेकर

किंचित सुजले होते, दुसऱ्या दिवशी उतरले. विमानात दर दीड तासाने तिला उठवून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत चालवत नेत होतो. तिसऱ्या फेरीला तिथल्या मुलीने न मागता पाणी दिले.

वाघबीळ नाका

परतीच्या वेळीही सिंगापूरच आहे ना? या खेपेला ऑर्किडची बाग?

नौपाडेकर

मार्चमध्ये परत येऊ, थांबा दोन तास दहा मिनिटांचाच आहे. गेटच्या आधी पाण्याची बाटली रिकामी करायची, एवढाच बेत आहे. मेलबर्नला येताना माझीही भरलेली गेली.